बोटाचं हाड मोडलं: तार, स्क्रू की प्लेट?

ऑर्थोपेडिक्सच्या पहिल्या वर्षी कोकणात ड्यूटी लागली की विंचच्या दोरात ओढलेली आणि चिऱ्याखाली सापडलेली बोटं बघावी लागणारच. एक्स-रे बघून लगेच प्लेट बसवायला घेऊ नका. आधी बोट बधिर करून मूठ वळवायला सांगा. बोटांची टोकं स्कॅफॉइडच्या (अंगठ्याच्या बुडाशी मनगटातलं छोटं हाड) रोखाने वळायला हवीत. एक बोट शेजारच्यावर चढलं तर हाड फिरलंय. एक्स-रेत हे सहज निसटतं, आणि फिरलेलं बोट पुढे जाळं ओढताना कायम आड येतं.

पेरांच्या बहुतेक फ्रॅक्चरना के-वायरच (हाडात घुसवायची बारीक तार) बरी. 1.0 किंवा 1.2 मिमीची तार, सी-आर्मखाली (ऑपरेशन चालू असताना चित्र दाखवणारं एक्स-रे यंत्र), कातडी न कापता. ड्रिल हळू फिरवा. पुन्हापुन्हा घुसवल्याने हाड तापून मरतं आणि तार सैल पडते. दोन तारा नेमक्या फ्रॅक्चरच्या रेषेवर छेदल्या तर तुकडे फिरतात, मधे फट राहते. तीन-चार आठवड्यांनी बोट दाबून दुखत नसेल तर तार काढा. एक्स-रेवर हाड भरलेलं दिसायला बराच उशीर लागतो, तोवर थांबलात तर सांधा आखडलाच.

मात्र बाहेर टोक असलेली तार घेऊन पेशंट रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळी निवडायला बसला, तर तारेच्या भोकातून पू येणार. हात कोरडा ठेवणं त्याला जमणार नसेल, तर तार कातडीखाली पुरा.

लांब तिरक्या फ्रॅक्चरला लॅग स्क्रू (दोन तुकडे एकमेकांवर आवळून धरणारा) उत्तम: रेषेची लांबी हाडाच्या जाडीच्या दुप्पट हवी आणि स्क्रू किमान दोन.

प्लेट सर्वांत मजबूत, पण पेरावर ती बसवायला एक्स्टेन्सर टेंडन (बोट सरळ करणारा स्नायूचा दोर) उचलावा लागतो आणि तो तिथेच चिकटतो. एक्स-रे देखणा, बोट वाकत नाही! म्हणून पेरावर प्लेट फक्त चुरा झाला असेल किंवा हाडाचा तुकडाच गेला असेल तेव्हा. तळहाताच्या हाडांना ती जास्त मानवते. तिथल्या आडव्या फ्रॅक्चरला हेडलेस स्क्रूही (बिनडोक्याचा, हाडाच्या पोकळीत जाणारा) चालतो. तिरक्याला घातलात तर हाड आखूड होतं.

स्प्लिंटमध्ये (हाताला बांधायच्या आधारपट्टीत) मुठीचे, म्हणजे बोटांच्या बुडाचे, सांधे 70 ते 90 अंश वाकलेले, पुढचे दोन्ही सरळ. गुहागर-दापोलीहून रोज फिजिओथेरपीला येणं कुणाला परवडत नाही. म्हणून डिस्चार्जआधीच, कोणते सांधे कधीपासून हलवायचे ते घरच्या माणसासमोर करवून घ्या.