मुंबईच्या गच्चीवरून तेजोमेघ शोधताय? या चुका टाळा

आकाशनकाशाचं ॲप म्हणतं वस्तू अगदी डोक्यावर आहे. दुर्बीणही तिकडेच वळवलेली आहे. आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, मात्र नुसता करडा अंधार. मुंबईत आकाशदर्शन सुरू करणाऱ्या बहुतेकांची गाडी इथेच अडते, आणि मग मोठी दुर्बीण घ्यायचे विचार सुरू होतात. जरा थांबा. बऱ्याचदा दुर्बीण ठीक असते, निवडलेली वस्तूच मुंबईची नसते.

नुसती प्रत बघून वस्तू निवडणं

प्रत म्हणजे वस्तूच्या तेजाचं माप. सगळ्यात जास्त रात्री याच चुकीत वाया जातात. एम ३३ ही त्रिकोण तारकासमूहातली दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह) ५.७ प्रतीची आहे आणि एम ५७ हा कंकणाकृती तेजोमेघ (चमकणारा वायूचा ढग) ८.८ प्रतीचा. एम म्हणजे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मेसियेच्या यादीतला क्रमांक. प्रतीचा आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद, म्हणजे हिशेबाने एम ३३ सतरापट तेजस्वी. तरीही मुंबईतून एम ३३ चा मागमूस लागत नाही आणि एम ५७ मात्र ११४ किंवा १३० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून सापडतो. कारण प्रत म्हणजे वस्तूच्या एकूण प्रकाशाची बेरीज. एम ३३ चा प्रकाश पूर्णचंद्राच्या दुपटीहून लांब पट्ट्यावर पसरलेला असतो, तर एम ५७ गुरूच्या बिंबापेक्षा जेमतेम दीड-दोन पट मोठा. चमचाभर तूप एका मोदकावर घातलं तर दिसतं. तेच अख्ख्या पंगतीत वाढलं तर कुणाच्या पानात दिसणार? म्हणून मुंबईत प्रतीच्या जोडीने आकारही बघायचा. लहान आणि घट्ट वस्तू आधी, पसरट दीर्घिका शेवटी.

एम ५७ शोधणं तसं सोपं आहे. ऑक्टोबरात संध्याकाळी आठच्या सुमारास वायव्येला उंचावर अभिजित चमकत असतो. त्याच्या जवळ स्वरमंडळ तारकासमूहातले बीटा आणि गॅमा हे दोन तारे आहेत. तेजोमेघ या दोघांच्या मध्ये, पण बीटाकडे थोडा सरकलेला. ६५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या (आरसा किंवा भिंगापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) दुर्बिणीला २५ मिलिमीटरचा आयपीस लावला की ६५० भागिले २५, म्हणजे २६ पट वर्धन मिळतं, आणि तेवढ्यात एम ५७ जवळजवळ ताऱ्यासारखाच दिसतो. लोक त्याच्यावरून पुढे निघून जातात! इथे १० चा आयपीस लावा. ६५ पटीला एक 'तारा' फुगलेला, धुरकट दिसेल, फोकस कितीही फिरवला तरी टोकदार होणार नाही. तोच तो. वर्धन वाढलं की मागचं शहरी उजेडाने उजळलेलं आकाशही काळवंडतं, हा वरचा फायदा. शोधताना कमी वर्धन, सापडल्यावर जास्त.

फोटो डोळ्यासमोर ठेवून बघणं

देवयानी दीर्घिका, म्हणजे एम ३१, फोटोत सहा पूर्णचंद्रांएवढी लांब असते. मुंबईतून तिचा फक्त गाभा दिसतो, एक अंधूक कापसाचा ठिपका. लोकांना ती सापडलेली असते, पण 'ही नसेल' म्हणून ते पुढे शोधत राहतात. रंग तर विसराच. इतक्या मंद प्रकाशात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी कामच करत नाहीत. हा ठिपका २५ लाख प्रकाशवर्षांवरचा आहे हे ठाऊक असलं म्हणजे तो पुरेसा वाटतो, निदान मला तरी.

फोनच्या होकायंत्रावर विसंबणं

खिडकीची ग्रिल, गच्चीचा कठडा, टाकीचे लोखंडी पाइप या सगळ्यांनी फोनमधलं होकायंत्र भरकटतं. ॲप नकाशासारखं वापरा, दिशा ताऱ्यांवरून ठरवा. एम ३१ साठी भाद्रपदांच्या चौकोनातल्या ईशान्येच्या ताऱ्यापासून देवयानीच्या ताऱ्यांच्या रांगेत पुढे जायचं आणि दुसऱ्या ठळक ताऱ्यापाशी वायव्येला वळायचं. पुढचे मंद तारे मुंबईत नुसत्या डोळ्यांनी दिसतीलच असं नाही, तिथे फाइंडर (दुर्बिणीवर बसवलेली छोटी शोधक दुर्बीण) किंवा बायनॉक्युलर लागतो. फाइंडर दिवसाउजेडीच लांबच्या मोबाइल टॉवरवर जुळवून घ्या, सूर्यापासून दूर राहून. आणि न्यूटोनियन, म्हणजे आरशाच्या, दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं. नकाशाही उलटा धरा.

एसीतून थेट गच्चीवर

आपल्याकडची खास अडचण. गार खोलीतली दुर्बीण दमट हवेत उघडली की भिंगावर क्षणात धुकं धरतं आणि तारे विरघळल्यासारखे दिसतात. रुमालाने पुसू नका, लेप खरवडला जाईल. झाकणं न काढता अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा. दिवसभर तापलेला स्लॅबही रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत असतो. वर्धन वाढवल्यावर तारे थरथरत असतील तर दहानंतर पुन्हा बघा.

उजेड न अडवणं

समोरच्या इमारतीचा हॅलोजन थेट डोळ्यात येत असेल तर काहीही दिसणार नाही. डोक्यावर काळं कापड घ्या, फोन खिशात ठेवा आणि वस्तूकडे सरळ न बघता थोडं बाजूला बघा. कडेच्या नजरेला मंद उजेड जास्त कळतो. वॉचमन एकदा तरी वर येऊन जाईलच. त्याला चंद्र दाखवा, प्रश्न मिटतो. अर्थात चंद्र नसलेल्या रात्रीच बऱ्या, त्यासाठी पंचांगातली चंद्रोदयाची वेळ बघून ठेवा.

दक्षिणेकडे पाठ फिरवणं

परदेशी याद्या त्यांच्या आकाशासाठी असतात. ओमेगा सेंटॉरी हा बंदिस्त तारकागुच्छ (असंख्य ताऱ्यांचा दाट गोळा) लंडनहून उगवतच नाही, मेसियेनेही पॅरिसहून तो नोंदवला नाही. मुंबईत मात्र मेच्या मध्यावर साडेदहाच्या सुमारास तो दक्षिणेला साधारण २३ अंशांवर असतो. दक्षिणेला समुद्र असेल अशी जागा धरा. जानेवारीत मृगातला एम ४२ आणि कृत्तिका तर शहराच्या उजेडालाही दाद देत नाहीत.

फिल्टर घेऊन दीर्घिका शोधणं

फिल्टरने, म्हणजे आयपीसला लावायच्या उजेड गाळणाऱ्या काचेने, काही तेजोमेघ उठून दिसतात, दीर्घिका नाही. शिवाय हल्लीच्या पांढऱ्या एलईडी दिव्यांचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असल्याने तो गाळणं अवघड. दीर्घिकाच बघायच्या असतील तर कर्जत लोकल पकडून वांगणीला जा. खगोल मंडळ या हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थेचे रात्रभराचे कार्यक्रम तिथे होत आले आहेत. वायव्येला बदलापूर-कल्याणचा उजेड चढतो, म्हणून पूर्व आणि दक्षिण आकाशातल्या वस्तू निवडा. हिवाळ्यात पहाटे दव पडतं, तेव्हा दुर्बिणीवर घालायला एक जास्तीचं कापड बरोबर असू द्या.