रेझ्युमे अपलोड केल्यावर पोर्टल भलतीच माहिती भरतं? माझा अनुभव

लक्षण असं: नोकरीच्या पोर्टलवर पीडीएफ अपलोड केली की फॉर्म आपोआप भरायचा, पण कंपनीच्या जागी ‘टॅली, एक्सेल’ आणि मोबाईल नंबर गायब. फाईल उघडून पाहिली तर सगळं जागच्या जागी.

फाईलचं नाव बदललं, आकार कमी केला, ब्राउझर बदलला, फरक शून्य. दर अर्जाला तीच दुरुस्ती करून जीव मेटाकुटीला आला होता.

मग पीडीएफमध्ये कंट्रोल-ए, कंट्रोल-सी करून मजकूर नोटपॅडमध्ये पेस्ट केला. डावीकडची कौशल्यं उजवीकडच्या नोकरीच्या ओळींत घुसलेली! नंबर तर नव्हताच, कारण वरच्या रंगीत पट्टीत तो चित्र म्हणून होता. पोर्टलही बहुधा असाच मजकूर वाचतं.

मूळ वर्ड फाईलमध्ये आधी रेझ्युमेचं दोन रकान्यांचं टेबल निवडलं, टेबलाच्या लेआउट टॅबमधून ‘कन्व्हर्ट टू टेक्स्ट’, त्यात ‘पॅराग्राफ मार्क्स’. मग पट्टी काढून नावाखाली नंबर आणि ईमेल टाईप केले. मथळे साधे ठेवले: ‘वर्क एक्सपीरियन्स’, ‘एज्युकेशन’, ‘स्किल्स’. शेवटी ‘सेव्ह अ‍ॅज’मधून पीडीएफ (प्रिंट काढून स्कॅन अजिबात नको). नोटपॅडची तपासणी पुन्हा केली, क्रम बरोबर आला, मगच अपलोड केलं. फॉर्मचे सगळे रकाने अचूक भरले.