कोलेस्टेरॉलची ब्रँडेड गोळी बदलून जेनेरिक घेताना

अटोरव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाची ब्रँडेड गोळी सोडून जनऔषधी केंद्रातील स्वस्त गोळी घ्यावी का, असा विचार करणाऱ्यांनी आधी हे लक्षात घ्यावे की आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या अटोर्वा, स्टोर्वास किंवा टोनॅक्ट याही एकेकाळी फायझरच्या असलेल्या 'लिपिटॉर'मधले मूळ द्रव्य वापरून इतर कंपन्यांनी बनवलेल्या, म्हणजे एका अर्थी जेनेरिकच गोळ्या आहेत. म्हणून किमतीवरून दर्जा ठरवू नये. स्ट्रिपवरील मजकूर वाचावा.

जुनी आणि नवी स्ट्रिप शेजारी ठेवून द्रव्याचे नाव आणि मिलिग्रॅम ताडून पाहावेत. 'रोसुव्हास्टॅटिन १०' म्हणजे 'अटोरव्हास्टॅटिन १०' नव्हे. रोसुव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचेच दुसरे औषध असून तितक्याच मिलिग्रॅमला अटोरव्हास्टॅटिनहून बरेच तीव्र असते. ब्रँडच्या नावापुढील अक्षरांकडे तर विशेष लक्ष द्यावे, कारण 'एएसपी', 'सीव्ही', 'एफ' अशी अक्षरे असली की त्या गोळीत सहसा ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल (ही दोन्ही रक्त पातळ ठेवणारी) किंवा फेनोफायब्रेट (रक्तातील चरबी कमी करणारे) यांपैकी काहीतरी मिसळलेले असते. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (जाळी) बसवलेल्या रुग्णाने अशा जोडगोळीऐवजी साधी अटोरव्हास्टॅटिन आणली, तर त्याचे रक्त पातळ ठेवणारे औषध कोणाच्या लक्षातही न येता बंद पडते, आणि त्याची किंमत हृदयविकाराच्या झटक्याने मोजावी लागू शकते. माझ्या मते या साऱ्या बदलातला खरा धोका इथेच आहे.

कोलेस्टेरॉलची ही औषधे शेड्यूल एच मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत मोडतात आणि चिठ्ठीत ब्रँड लिहिलेला असेल तर औषध विक्रेत्याला नियमाने परस्पर दुसरी गोळी देता येत नाही. त्यामुळे पुढच्या तपासणीला डॉक्टरांनाच चिठ्ठीवर द्रव्याचे नाव व मात्रा लिहून देण्याची विनंती करावी.

नवी गोळी सुरू झाली की जुन्या स्ट्रिपा घरातील डब्यातून काढून टाकाव्यात. वेगळ्या नावांमुळे दोन्ही गोळ्या रोज घेत राहणारे ज्येष्ठ नागरिक कमी नाहीत. सहा ते बारा आठवड्यांनी, शक्यतो आधीच्याच प्रयोगशाळेत, लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीची तपासणी) करून एलडीएलचा, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचा आकडा जुन्या अहवालाशी ताडावा. तो लक्षणीय वाढलेला दिसल्यास आधी गोळ्या चुकल्या होत्या का ते आठवावे आणि दोन्ही अहवालांसह स्ट्रिपही डॉक्टरांना दाखवावी. स्नायू विनाकारण दुखू लागले किंवा लघवी गडद रंगाची झाली, तर मात्र तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.