ड्रुपल: लोकलवरचे कॉन्फिगरेशन लाइव्ह सर्व्हरवर नेताना

ड्रुपल ही संकेतस्थळे बनवण्याची प्रणाली आहे. नोव्हेंबर 2015 मध्ये आलेल्या ड्रुपल 8 पासून संकेतस्थळाचे कॉन्फिगरेशन, म्हणजे त्याची रचना ठरवणाऱ्या सेटिंग्ज, यामल (साध्या अक्षरी स्वरूपाच्या) फाइलींच्या रूपात डेटाबेसबाहेर काढून गिटमध्ये (फाइलींतील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) ठेवता येते. मजकूराचे प्रकार, त्यांतील फील्ड, व्ह्यूज (मजकुराच्या याद्या), सदस्यांच्या भूमिका व अधिकार हे कॉन्फिगरेशन. लेख, छायाचित्रे आणि सदस्यांची खाती हा मजकूर. कॉन्फिगरेशन नेहमी लोकलवरून (आपल्या संगणकावरील प्रतीवरून) लाइव्हकडे (लोक पाहतात त्या संकेतस्थळाकडे) जावे आणि मजकूर लाइव्हवरून लोकलकडे यावा, हा नियम संघातील प्रत्येकाने पहिल्या दिवसापासून पाळला पाहिजे.

लोकल प्रत नव्याने इन्स्टॉल करू नये. प्रत्येक संकेतस्थळाला स्वतःचा एक यूयूआयडी (एकमेव ओळख क्रमांक) असतो आणि तो न जुळल्यास ड्रुपल आयात, म्हणजे फाइलींतील कॉन्फिगरेशन डेटाबेसमध्ये घेणे, नाकारते. म्हणून लाइव्ह डेटाबेसचीच प्रत घ्यावी आणि ती उतरवताच ड्रश या ड्रुपलच्या कमांड-लाइन साधनाची ‘ड्रश एसक्यूएल:सॅनिटाइझ’ ही आज्ञा चालवून सदस्यांचे ईमेल व पासवर्ड बदलून टाकावेत. हे दुसरे पाऊल अनेक जण टाळतात, पण लोकांची माहिती आपल्या लॅपटॉपवर पडून राहणे मला कधीच योग्य वाटत नाही. या यामल फाइली ज्यात राहतात तो सिंक फोल्डर वेबरूटच्या (ब्राउझरमधून उघडता येणाऱ्या फोल्डरच्या) बाहेर ठेवून त्याचा मार्ग सेटिंग्ज.पीएचपी या मुख्य सेटिंग्ज फाइलीत नोंदवावा.

लोकलवर बदल केल्यावर ‘ड्रश कॉन्फिग:एक्सपोर्ट’ चालवावे आणि कमिट करण्यापूर्वी (बदल गिटमध्ये नोंदवण्यापूर्वी) गिट डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची यादी, ओळ न् ओळ वाचावा, कारण आपण हात न लावलेली फाइल त्यात दिसली तर चूक पकडण्याची तीच सर्वांत स्वस्त वेळ असते. सर्व्हरवर नवा कोड ओढण्याआधी ‘ड्रश कॉन्फिग:स्टेटस’ पाहावे. तेथे फरक दिसला, तर कोणीतरी थेट लाइव्हवर बदल केलेला असतो. तो आधी गिटमध्ये आणला नाही, तर आयातीत पुसला जातो. त्यानंतर बॅकअप घेऊन ‘ड्रश डिप्लॉय’ चालवावे; डेटाबेस अद्ययावत करणे, आयात आणि कॅश (तात्पुरती साठवण) साफ करणे ही कामे ते योग्य क्रमाने करते.

गुपिते मात्र या प्रवाहात कधीही येऊ देऊ नयेत. पेमेंट सेवेची ‘की’ (गुप्त चावी) प्रशासकीय फॉर्ममध्ये भरली, तर पुढच्या एक्सपोर्टबरोबर ती यामलमध्ये आणि तेथून गिटच्या इतिहासात जाते. फॉर्ममधील रकाना रिकामा ठेवून ती ‘की’ सेटिंग्ज.लोकल.पीएचपीमध्ये ओव्हरराइड (साठवलेल्या मूल्याऐवजी वापरले जाणारे मूल्य) म्हणून लिहावी, ती फाइल गिटमधून वगळावी आणि मुख्य सेटिंग्ज फाइलच्या शेवटी तिला जोडणाऱ्या, मुळात कॉमेंट करून निष्क्रिय ठेवलेल्या ओळी सुरू कराव्यात. ओव्हरराइड एक्सपोर्ट होत नाही. त्रुटींचे संदेश लोकलवर तपशिलाने दाखवणे आणि लाइव्हवर लपवणे हेही याच फाइलीतून करावे. डेव्हलसारखी केवळ विकासासाठीची मोड्यूल्स (ड्रुपलला जोडायचे भाग) ‘कॉन्फिग एक्सक्लूड मोड्यूल्स’ या सेटिंगमध्ये नोंदवली, की ती एक्सपोर्टमध्ये येत नाहीत.

वेबफॉर्म मोड्यूलबाबत विशेष जपावे. त्यातील फॉर्म संपादकाला मजकूर वाटतो, पण ड्रुपलच्या लेखी तो कॉन्फिगरेशन असतो. त्यामुळे संपादकाने लाइव्हवर बनवलेला नोंदणीचा फॉर्म सिंक फोल्डरमध्ये नसल्यास पुढच्या आयातीत काढून टाकला जातो. संपादकांना फॉर्म बनवण्याची मुभा द्यायची असेल, तर कॉन्फिग इग्नोर मोड्यूल बसवून वेबफॉर्मच्या फाइली आयातीतून वगळाव्यात आणि हा बदल संपादकांना लॉगिन देण्यापूर्वीच लाइव्हवर न्यावा.