छोटा हॉल, हट्टी स्पीकर: ॲम्प्लिफायर घेण्याआधीची तयारी

दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये मोठ्या ॲम्प्लिफायरला जागा नसते, आणि बहुतेक स्पीकरांना त्याची गरजही नसते. पंचाईत होते ती स्पीकर चालवायला जड असला की. उदाहरणार्थ केईएफ या कंपनीचा एलएस५० मेटा घ्या. आकाराने बुकशेल्फ, पण संवेदनशीलता (ठरावीक वीज दिल्यावर एक मीटरवर होणारा आवाज) ८५ डेसिबल, आणि कागदावर ८ ओहम (विजेला होणारा रोध) असला तरी मध्येच ३.५ ओहमपर्यंत उतरणारा. पुढचे हिशेब हाच स्पीकर धरून केले आहेत. तुमचा वेगळा असेल तर आकडे बदला, पायऱ्या त्याच.

दुकानात जाण्याआधी स्पीकरच्या माहितीपत्रकातून तीन आकडे उतरवून घ्या: संवेदनशीलता, नाममात्र (कागदावरचा) ओहम आणि किमान ओहम. संवेदनशीलता २.८३ व्होल्टला दिली आहे की १ वॉटला, हेही बघा. ८ ओहमवर दोन्ही सारखंच. ४ ओहमच्या स्पीकरला मात्र २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॉट, त्यामुळे छापलेले ८६ डेसिबल वॉटमागे ८३च पडतात. किमान ओहम छापलेला नसेल तर कुणीतरी स्वतंत्रपणे मोजलेला इम्पीडन्सचा (वारंवारतेनुसार बदलणाऱ्या ओहमचा) आलेख शोधा आणि १०० ते ३०० हर्ट्झमध्ये रेघ कुठवर खाली येते ते पाहा. तबल्याचा बायाँ, ढोलकी, बास गिटार यांचा बराच जोर तिथेच असतो. आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकानुसार किमान ओहम नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ ओहमला ६.४. पण नाममात्र आकडा सगळीकडे इतक्या काटेकोरपणे लिहिलेला नसतो, म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

आता बसायच्या जागेपासून स्पीकरपर्यंत टेप लावा. अडीच मीटर अंतर धरू. मोकळ्या मैदानात एवढ्या अंतरावर ८ डेसिबल गळतात. घरात भिंती थोडे परत देतात, म्हणून ५ ते ६ धरा. दोन स्पीकरांचे ३ मिळवा. म्हणजे २.८३ व्होल्टला सोफ्यावर साधारण ८२ ते ८३ डेसिबल पोचतील. फ्लॅटमध्ये सरासरी ७५ म्हणजे चांगलाच मोठा आवाज, आणि संगीतातले उसळते क्षण त्याच्यावर १५ ते २० डेसिबल जातात. ९५ गाठायला १२-१३ डेसिबल कमी पडतात, म्हणजे ८ ओहमवर सुमारे २० वॉट, साधारण साडेबारा व्होल्ट. दुपटीची सूट ठेवली तर ४० वॉट, १८ व्होल्ट. हेच १८ व्होल्ट ३.५ ओहमवर आले की ५ अँपिअरच्या वर प्रवाह लागतो, क्षणिक शिखर ७ अँपिअरच्या पुढे. ॲम्प्लिफायर निवडताना हातात धरायचे आकडे हेच: १८ व्होल्ट आणि ७ अँपिअर. खोक्यावरचे वॉट नंतर बघू.

जड स्पीकर दोन तऱ्हांचे असतात आणि त्यांत गल्लत करू नये. बीबीसीसाठी १९७०च्या दशकात तयार झालेला एलएस३/५ए ८२-८३ डेसिबलचाच, पण मूळचा १५ ओहमचा, पुढे ११ ओहमचा. त्याला व्होल्ट हवेत, प्रवाह जेमतेम. मॅग्नेपॅनच्या पातळ पडद्यांसारखे ४ ओहमचे स्पीकर उलटे: त्यांना सतत प्रवाह लागतो. पहिल्याला छोटा ॲम्प चालून जातो, दुसऱ्यासाठी 'कॉम्पॅक्ट' हा शब्द जरा सैल करावा लागतो.

छोट्या क्लास डी (झपाट्याने चालू-बंद होऊन चालणाऱ्या, कमी तापणाऱ्या) ॲम्पमध्ये खरी ताकद बाहेरच्या ॲडॉप्टरची असते, आणि बहुतेक चुका इथेच होतात. खोक्यावर '३०० वॉट गुणिले २' लिहिलेलं असतं आणि सोबत ४८ व्होल्ट, ५ अँपिअरचा ॲडॉप्टर येतो. ४८ गुणिले ५ म्हणजे २४०. दोन्ही चॅनेल मिळून सलग २४० वॉटच्या वर काही निघणं शक्यच नाही, उष्णतेत जाणारे वजा केले तर प्रत्येकी १०० च्या आसपास. शिवाय मोठा आकडा बऱ्याचदा १० टक्के विकृतीला (आवाज फाटण्याला) दिलेला असतो. १ टक्क्याला तोच साधारण पाचव्या हिश्शाने उतरतो. ३२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर अशा ॲम्पचं शिखर ३० व्होल्टच्या आसपास, म्हणजे आरएमएस (शिखराच्या सुमारे ०.७ पट, वॉट याच्यावरून मोजतात) २१ व्होल्ट आणि ८ ओहमला ५५ वॉट. एलएस५० मेटाला लहान हॉलमध्ये हे पुरतं, पण काठावर. ४८ व्होल्टला आरएमएस ३२ मिळतात आणि निर्धास्तपणा येतो. सोबत ३२ किंवा ४८ असा पर्याय असेल तर ४८चाच घ्यावा, हे आमचं स्पष्ट मत.

मात्र आधी ॲम्पच्या आतली चिप बघा. टीपीए३२५५ ही चिप ४८ व्होल्टवर नीट चालते. तिच्यापेक्षा धाकट्या टीपीए३११६ ची मर्यादा २६ व्होल्ट आहे. ॲडॉप्टरची पिन बसली म्हणून तिला ४८ दिले तर ती गेलीच. पिनचा व्यासही तपासा, कारण ५.५ बाय २.५ मिलिमीटरच्या जागी २.१ ची पिन नीट बसत नाही. ॲडॉप्टरवर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा, भिंतीत जाणाऱ्या प्लगला पिना तीन हव्यात.

टीपीए३२५५ च्या ॲम्पमध्ये आणखी एक मेख असते. आउटपुटला लागलेल्या कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर ठरावीक ओहमसाठी जुळवलेला असतो. स्पीकरचा ओहम वरच्या पट्टीत वेगळा असला की १० किलोहर्ट्झच्या पुढे आवाज एखाद-दोन डेसिबल चढतो किंवा पडतो. मग एकच ॲम्प एकाला 'चकचकीत' वाटतो, दुसऱ्याला 'मंद'. फिल्टरनंतरच्या टोकावरून फीडबॅक (आउटपुट तपासून चूक सुधारणारा सिग्नल) घेणारं मॉडेल निवडलं की हा प्रश्न उरत नाही. हायपेक्स आणि प्युरिफाय या कंपन्यांची ॲम्प मॉड्यूल मुळातच तशी आहेत.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गेनकडे, म्हणजे ॲम्प सिग्नल किती पट करतो त्याकडे, जास्त लक्ष द्यावं. २६ डेसिबल गेन म्हणजे वीसपट. डॅकमधून (डिजिटल संगीताचा सिग्नल बनवणाऱ्या पेटीतून) २ व्होल्ट आले तर ॲम्प ४० व्होल्ट द्यायला बघतो, आणि आपल्याला शिखरालाही साडेबारा पुरतात. परिणाम असा की हळू ऐकताना नॉब घड्याळातल्या आठ-नऊच्या जागेपुढे फारसा सरकत नाही, आणि स्वस्त पोटेन्शिओमीटर (नॉबमागचा भाग) नेमका त्याच भागात डावी-उजवी बाजू सारखी ठेवत नाही. रात्री गायक एका कुशीला सरकलेला वाटतो तो यामुळे. गेन कमी करायचा स्विच असलेला, किंवा डिजिटल व्हॉल्यूमचा ॲम्प घ्या. नाहीतर डॅकचाच आवाज १० डेसिबल खाली आणा. बारीक सळसळीची चिंता या स्पीकरांना कमी. ॲम्पची स्वतःची कुजबुज १०० मायक्रोव्होल्टच्या खाली असली तर ८५ डेसिबलच्या स्पीकरमधून बसल्या जागी काही ऐकू येत नाही. एक मिलिव्होल्ट असली तर मध्यरात्री जाणवू शकते.

वायर इलेक्ट्रिकच्या दुकानातली चालते, अट एवढीच की तांब्याची असावी. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या वायरचा रोध दीडपट असतो. ५ मीटर लांबीला १.५ स्क्वेअर एमएमची वायर येऊन-जाऊन ०.१२ ओहम खाते, २.५ ची ०.०७५. ३.५ ओहमपर्यंत उतरणाऱ्या स्पीकरला २.५ घ्या, फरक थोड्याच पैशांचा आहे.

ॲम्प येण्याआधी सॉकेट तपासून ठेवा. मल्टिमीटरवर फेज-अर्थिंग २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थिंग ४-५ व्होल्टच्या आत हवं. जुन्या इमारतींत तिसरं भोक असतं, त्याच्यामागे वायर नसते. मग ॲम्पच्या धातूच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात. घूं असा आवाज येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, मग सेट टॉप बॉक्सची केबल. अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नका. टीव्हीच्या बंद शोकेसमध्ये ॲम्प कोंबू नये, वर आणि बाजूंनी चार बोटं जागा सोडावी. ॲडॉप्टर त्याच्या खाली किंवा वर नको.

जोडणीत एक गोष्ट महाग पडते. या ॲम्पमध्ये स्पीकरची काळी तार ग्राउंड नसते, तिच्यावरही सिग्नल असतो. दोन्ही काळ्या तारा एकत्र करणं, सामाईक ग्राउंडचा स्पीकर सिलेक्टर लावणं, किंवा जुन्या सबवूफरच्या हाय लेव्हल इनपुटला थेट जोडणं म्हणजे शॉर्ट. पहिल्यांदा चालू करताना एखादा अडगळीतला स्पीकर लावा आणि लाल-काळ्या टोकांमध्ये डीसी मोजा; ५० मिलिव्होल्टच्या आत हवं. एक टोक ग्राउंडला धरून मोजलं तर सप्लायच्या निम्मे व्होल्ट दिसतील. ४८ च्या ॲडॉप्टरवर २४ दिसले म्हणून घाबरू नका, तो बिघाड नव्हे.

शेजाऱ्यांचा हिशेबही याच यादीत घ्यावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. स्लॅबमधून खालच्या मजल्यावर जातो तो बास. म्हणून सब आउट (सबवूफरसाठी वेगळी जोडणी) असलेला ॲम्प घेताना मुख्य स्पीकरांना ८० हर्ट्झच्या खाली कापायची सोय आहे का ते विचारा. अनेकांत सबला सिग्नल जातो पण स्पीकर पूर्ण बासच ओढत राहतात. तो कापला तर ॲम्पवरचा बराच भार उतरतो, आणि ३२ व्होल्टचा ॲडॉप्टरही मग काठावरचा राहत नाही.

परत पाठवायची मुदत असेपर्यंत एकदा दुपारी तासभर नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात बासची गाणी लावा. जोरदार ठोक्याला आवाज तुटून दोन सेकंदांत आपोआप परत येत असेल तर संशय आधी ॲडॉप्टरवर घ्या. त्याची वॉरंटी बऱ्याचदा ॲम्पपेक्षा कमी असते, म्हणून त्याचा मॉडेल क्रमांक बिलावर वेगळा लिहून मागा.