केसपेपरवर ‘हिमॉप्टिसिस’ लिहिलंय? शब्द कसा वाचावा आणि पुढे काय करावं

डॉक्टरांनी घाईत ‘एच/ओ हिमॉप्टिसिस’ असं खरडलेलं असतं. घरी येऊन माणूस तो शब्द मोबाइलवर शोधतो आणि कुठलासा भयंकर आजार जडला असं समजून रात्रभर जागा राहतो. पण हे आजाराचं नाव नाही. ग्रीक भाषेत रक्ताला ‘हैमा’ आणि थुंकण्याला ‘प्टिसिस’ म्हणतात, त्यांची ही जोडणी. आपल्याकडचा जुना ‘रक्तष्ठीवन’ हा शब्दही याच घडणीचा. अर्थ एवढाच, की स्वरयंत्राच्या खालून, म्हणजे श्वासनलिकेतून किंवा फुप्फुसातून, आलेलं रक्त खोकल्यावाटे बाहेर पडतंय. ताप जसं लक्षण, तसंच हे.

आधी शब्दाच्या आजूबाजूचं वाचा

‘एच/ओ’ म्हणजे असं घडल्याचं रुग्णाने सांगितलं आहे. ‘नो हिमॉप्टिसिस’ असेल तर डॉक्टरांनी विचारलं आणि उत्तर नाही असं आलं. हा ‘नो’ न वाचताच घाबरणारे पुष्कळ. ‘ब्लड-स्ट्रीक्ड’ म्हणजे बेडक्यात रक्ताच्या रेषा, ‘फ्रँक’ म्हणजे कफ नाहीच, नुसतं रक्त. ‘मॅसिव्ह’ म्हणजे जिवावरचं. त्याचा आकडा मात्र पुस्तकागणिक बदलतो: कुणी २४ तासांत १०० मिली धरतं, कुणी ६००.

मग रक्त आलं कुठून ते ठरवा

इथे आपली बोली थोडी घात करते. खोकून रक्त पडलं तरी आपण ‘रक्त ओकला’ म्हणतो आणि उलटीतून पडलं तरी तेच. डॉक्टरांसाठी या दोन वेगळ्या वाटा आहेत. उलटीतल्या रक्ताला हिमॅटेमेसिस म्हणतात आणि त्याचा तपास पोटाकडून सुरू होतो.

खोकल्यातलं रक्त बहुधा लालभडक असतं, कफात मिसळलेलं, कधी फेसाळ. त्याआधी घशात खवखव किंवा छातीत गुळगुळ जाणवते. उलटीतलं बऱ्याचदा काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखं दिसतं. सोबत अन्नाचे कण असतात आणि आधी मळमळ झालेली असते. तिसरी वाट नाकाची. रात्री घोळणा फुटला, रक्त घशामागे ओघळलं आणि सकाळी थुंकीत दिसलं, असं सर्रास होतं. हिरड्यांतून येत असेल तर बहुतेकदा खोकला न येताच थुंकी लाल होते. आरशासमोर उभं राहून टॉर्चने तोंड तपासायला एक मिनिट लागतं, तेवढं करा. पण हा अंदाजच. खोकल्यातलं रक्त गिळलं गेलं आणि नंतर उलटीतून पडलं तर चांगले जाणकारही चकतात. म्हणून गिळू नका, थुंका.

जाता जाता एक: क्षयावरच्या रिफॅम्पिसिन या गोळीने लघवी, घाम, थुंकी नारिंगी-लालसर होते. ते रक्त नव्हे.

किती पडलं ते मोजा

‘खूप पडलं हो’ यावरून कुणालाच काही कळत नाही. बेसिनमध्ये पाणी चालू असताना चमचाभर रक्तही भयानक दिसतं. झाकणाच्या पारदर्शक डबीत थुंका. चहाचा चमचा म्हणजे ५ मिली, त्या मापाने अंदाज धरा. वेळ लिहा, फोटो काढा. डबी डॉक्टरांना दाखवायला न्या, लाजू नका.

कधी थांबायचं नाही

एकाच वेळी गुळणीभर रक्त आलं, पुन्हा पुन्हा येऊ लागलं, धाप लागली, छातीत दुखलं, चक्कर आली किंवा ओठ निळसर दिसले तर थेट तातडीच्या विभागात जा. एक पाय अचानक सुजला असेल आणि त्यासोबत रक्त पडत असेल तरीही तसंच. पायातली गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते.

भीती रक्त कमी होण्याची कमी आणि गुदमरण्याची जास्त असते. प्रौढ माणसाच्या श्वासनलिकांत सगळी मिळून साधारण १५० मिली जागा असते, म्हणजे पेल्याहूनही कमी. त्यात रक्त साचलं की हवेला वाट उरत नाही. मोठा रक्तस्राव बहुतेक वेळा ब्राँकियल, म्हणजे श्वासनलिकांना रक्त पुरवणाऱ्या, धमन्यांतून होतो. त्या बारीक असल्या तरी बहुधा महाधमनीतूनच फुटतात, म्हणून दाब जोराचा.

वाटेत रुग्णाला बसवून थोडं पुढे झुकवा. कुठल्या बाजूच्या फुप्फुसातून रक्त येतंय हे आधीच माहीत असेल आणि आडवं करावंच लागलं, तर ती बाजू खाली ठेवून कुशीवर निजवा, म्हणजे दुसरं फुप्फुस मोकळं राहतं. खोकला दाबणारं औषध देऊ नका. रक्त बाहेर टाकायचं काम तोच करतोय. दुर्बीण घालावी लागू शकते, म्हणून खायला-प्यायला काही नको.

रेषाच दिसल्या असतील तर

जोरात खोकून खोकून श्वासनलिकेचं अस्तर सोलवटतं आणि धागाभर रक्त दिसतं. ब्राँकायटिसमध्ये, म्हणजे श्वासनलिकांना सूज आली की, हे नेहमीचं. तरी डॉक्टरांना दाखवाच, कारण क्षय, न्यूमोनिया, रुंदावलेल्या श्वासनलिका म्हणजे ब्राँकिएक्टेसिस, फुप्फुसाचा कर्करोग, हृदयाची अरुंद झालेली मायट्रल झडप, सगळ्यांची सुरुवात अशा रेषेने होऊ शकते. आधी क्षय होऊन गेला असेल तर तो आवर्जून सांगा: बऱ्या झालेल्या जागेच्या पोकळीत बुरशीचा गोळा वाढतो आणि वर्षांनंतर रक्त पडतं. वजन उतरलं का, रात्री घाम येतो का, धूम्रपान किती, रक्त पातळ करणारी कुठली गोळी चालू आहे, हेही. ती गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आणि दुखतंय म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन तर मुळीच घेऊ नका.

सुरुवात छातीच्या एक्स-रेने, थुंकीच्या आणि रक्ताच्या तपासणीने होते. गरजेप्रमाणे सीटी स्कॅन आणि ब्राँकोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून पाहणं. फार रक्त पडत असेल तर मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी नेऊन गळकी धमनी आतून बंद करतात, त्याला एम्बोलायझेशन म्हणतात.

एवढं करूनही काही जणांत कारण सापडत नाही. मग कागदावर ‘क्रिप्टोजेनिक’ असा आणखी एक अवघड शब्द येतो. त्याचा अर्थ ‘कारण सापडलं नाही’, ‘काही नाही’ असा नव्हे. चाळिशी ओलांडलेल्या धूम्रपान करणाऱ्याने तर पुढच्या तपासणीची तारीख घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये.