एचआयव्हीचा तो तीन रेघांचा ग्राफ पाठ न करता कसा काढायचा

मायक्रोबायोलॉजीच्या पेपरात हा ग्राफ मी दोनदा उलटा काढून आलोय, त्यामुळे आता ज्या पद्धतीने डोक्यात बसला ती सांगतो. आडवी रेघ मारा, खाली लागण झाल्यापासूनचे ० ते १२ आठवडे लिहा, आणि पेन्सिलच घ्या कारण तिसरी रेघ बहुतेकांची खोडावी लागते.

पहिली रेघ व्हायरसची. साधारण पहिले दहा दिवस ती तळालाच ठेवा, रक्तात काही सापडत नाही पण आत त्याचं वाढणं चालूच असतं. मग एकदम चढवायची, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शिखर, रक्ताच्या मिलीलीटरमागे व्हायरसच्या दहा लाख कॉपीच्याही वर जाऊ शकतं. बऱ्याच जणांना ताप, घसादुखी, पुरळ येतं ते याच सुमाराला, आणि 'व्हायरल आहे' म्हणून पॅरासिटामॉलवर विषय संपतो.

दुसरी सीडी४ ची, म्हणजे बाकीच्या रोगप्रतिकारक पेशींना मदत करणारे टी सेल. खाली पाडा, मग थोडी वर न्या, आधीच्या उंचीपर्यंत नको. एवढं पुस्तकात असतं, पण हे रक्तातलं झालं हो, आणि लिम्फोसाइट पेशींपैकी (सीडी४ त्यातल्याच) रक्तात फिरतात फक्त २ टक्के वगैरे. आतड्याच्या अस्तरात मेमरी सीडी४ (आधी भेटलेले जंतू लक्षात ठेवणाऱ्या) ठासून भरलेल्या असतात, त्यांच्यावर सीसीआर५ नावाची कडी असते, तीच धरून व्हायरस आत घुसतो आणि काही आठवड्यांत तिथला बहुतेक माल साफ. म्हणून मी खाली एक तुटक रेघ काढतो, शेजारी 'आतडं' लिहितो, ती जवळपास वर येतच नाही. मार्क मिळोत न मिळोत, काढाच.

तिसरी सीडी८, म्हणजे लागण झालेल्या पेशींना मारणारे मारेकरी टी सेल. लोक ही व्हायरस उतरल्यावर चढवतात, तिथेच घोळ होतो, ती शिखराच्या जरा आधी सुरू होते आणि शिखरानंतर एक-दोन आठवड्यांत सगळ्यात वर असते, कारण व्हायरसला खाली ओढणारी तीच. १९९९ मध्ये माकडांमधल्या सीडी८ पेशी काढून टाकल्या तर एसआयव्ही (एचआयव्हीचा माकडांमधला भाऊबंद) उतरेचना! व्हायरसला रोखू शकतील अशा अँटिबॉडी तेव्हा तयारच नसतात, त्यांना महिने लागतात.

पण व्हायरसची रेघ शून्यावर नेऊ नका हं, मधेच सपाट करा, तो सेट पॉइंट. सीडी८ ज्या तुकड्यावरून व्हायरसला ओळखतात तोच तुकडा व्हायरस काही आठवड्यांत बदलतो, आणि त्यांना मदत करणाऱ्या सीडी४ आधीच मेलेल्या. एचएलए-बी५७ नावाचा जनुकाचा प्रकार असलेल्यांचा सेट पॉइंट बऱ्याचदा खाली असतो, ते वेगळ्या रंगाने.

शेवटी टेस्टच्या खुणा करा: आधी नॅट, म्हणजे व्हायरसचं जनुकीय द्रव्य शोधणारी, मग पी२४ हे व्हायरसचं प्रोटीनही धरणारी चौथ्या पिढीची, मग नुसत्या अँटिबॉडीची, जिला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. दहाव्या दिवसाचा निगेटिव्ह रिपोर्ट पक्का का नाही ते तिथल्या तिथे दिसतं. आणि कुणी खरंच घाबरून विचारत असेल, व्हायरसशी संपर्क आल्याला ७२ तास उलटले नसतील, तर ग्राफ बाजूला ठेवा आणि त्याला लगेच सरकारी हॉस्पिटलला पाठवा, लागण टाळायला पेप म्हणून २८ दिवसांच्या गोळ्या असतात, माहिती हवी तर १०९७ वर फोन.